दोन सूत मोकळे

पूर्णा,
२१ नोव्हेंबर १९९३

माधवराव,

नाव लिहूनच सुरुवात केली आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, तुमचं नाव मी उखाण्यात घेतलं तेवढंच. शेजारणींनी विचारलं की 'आमचे हे' म्हणून भागवायची. आता भागत नाही. नमस्कारही लिहीत नाही, तुम्ही तो गृहीतही धरू नका.

तुमचा रजिस्टर लखोटा काल आला. चार वर्षांत मला एक साधं कार्ड नाही, आणि आला तो लखोटाही बाबांच्या नावे. पोस्टमन दत्तराव फाटकातूनच ओरडले, "किशनराव, जावईबापूचं रजिस्टर हाय पुण्याहून!" बाबा खाटेवरून इतक्या घाईने उठले की चष्मा खाली पडला आणि एक काच तडकली. त्या तडकलेल्या काचेतून त्यांनी स्टँपपेपर उलटासुलटा पाहिला आणि माझ्या हातात दिला. इंग्रजी आहे म्हणून.

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. श्री. किशनराव, निवृत्त रेल्वे फिटर, यांनी हा स्क्रू स्वतः शोधला. त्याची मापं, त्याचे आटे, त्याच्यासाठी पाडायचं भोक, सगळं त्यांनीच ठरवलं. तुमच्या 'अढळ फास्टनर्स'ने फक्त त्यांच्या सांगण्याप्रमाणे माल काढला. खाली सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. बाबांचं नाव त्या एका पानात चार वेळा आलं आहे, त्यांनी ते मला बोट ठेवून मोजून दाखवायला लावलं.

"बघ अंबे," म्हणाले, "तू उगं जळायलीस त्याच्यावर. शेवटी माजं नाव लिवलं का न्हाई त्यानं?"

चार वर्षांपूर्वी तुमच्या स्क्रूच्या त्या निळ्या खोक्यावर 'संशोधन : माधव कौसडीकर' असं छापलेलं पाहिलं, त्या दिवशी मी भोसरीचं घर सोडून आले. बाबांना सांगितलं, पुण्याचं पाणी मानवत नाही. खोकं कधी दाखवलं नाही. त्यांना वाटत आलं, जावई मोठा माणूस आहे, कामात आहे, नाव राहून गेलं असेल.

तुम्ही विसरला असाल तर सांगते. आमचं घर रुळांना लागून. भिंतीत काही लावायचं तर सगळं गाव आधी लाकडी गिट्टी ठोकतं आणि तिच्यात स्क्रू पिळतं. आमच्या भिंतीत गिट्टी टिकत नव्हती. गाडी गेली की भिंत थरथरायची, गिट्टी सैल व्हायची. आईची मांडणी दोनदा भांड्यांसकट खाली आली. तेव्हा बाबांच्या डोक्यात आलं की गिट्टी नकोच, स्क्रूनेच विटेत आपले आटे पाडत आत जावं. सहा वर्षं ते लोकोशेडच्या लेथवर सुट्टीच्या वेळात खपले. पहिले स्क्रू विटेतल्या वाळूने झिजले. मग कोळशाच्या भुकटीत पुरून लाल करून पाणी दिलं, तर ते इतके कडक झाले की डोकीच तुटली. मग एक आटा उंच, एक बुटका असं केलं. एकोणऐंशी साली मांडणी लावली. परवाच्या सप्टेंबरात भूकंपाचा धक्का आला, घरोघरची भांडी जमिनीवर आली. आमच्या मांडणीवरची नुसती वाजली.

असा माणूस आहे तो, ज्याचं नाव तुम्हाला नऊ वर्षांत खोक्यावर मावलं नाही. मग आत्ताच कुठून उमाळा आला? बाबा गुरुवारी पांढरा सदरा घालून सही करणार म्हणतात. मी त्यांना साक्षीदार लागतो असं खोटं सांगून थोपवलंय. खरं कारण कळवा, तोवर कागद माझ्या ट्रंकेत राहील.

अंबिका


पूर्णा,
४ डिसेंबर १९९३

माधवराव,

पत्र मिळालं. तीन पानं लिहिलीत, त्यातली अडीच तुमच्या दगदगीची. कामाची गोष्ट शेवटच्या चार ओळींत कोंबलीत. चिंचवडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तुमच्या स्क्रूंवर लावलेला भांड्यांचा रॅक भिंतीतून निसटला. खाली बायनाबाई नावाची बाई पोळ्या लाटत होती. तिचा उजवा हात कोपरापासून मोडला. आता चौकशी बसली आहे आणि तुमच्या वकिलाने सांगितलं की डिझाइन कोणाचं ते कागदावर आणा.

वा! माल खपत होता तेव्हा संशोधक तुम्ही. रॅक पडल्याबरोबर संशोधक बाबा.

आणि वर मला शहाणपण शिकवता, की नावाचं एवढं काय घेऊन बसलीस, म्हाताऱ्याला कोण तुरुंगात टाकतंय. माधवराव, तुम्ही याच मातीतले. विद्यापीठाच्या एका नावासाठी या मराठवाड्यात पंधरा वर्षं माणसं लाठ्या खातात, तुरुंगात जातात. अठ्ठ्याहत्तर साली लोकांची घरं जळाली, ती तुम्हीही पाहिली. तेव्हा तुम्ही परभणीला कॉलेजात होता आणि कर्फ्यू उठेपर्यंत खोलीत पत्ते खेळत होता, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. नावाचं काय मोल असतं ते तुम्हाला कधी कळलंच नाही.

बाबांना बायनाबाईचं सांगितलं नाही अजून. ते रोज विचारतात, "साक्षीदार घावला का?" गावात चार जणांना सांगून झालंय की पुण्याच्या कंपनीच्या कागदावर माझं नाव लागायलंय. चंद्रभान वायरमन काल पेढे मागून गेला.

एक करा. तुम्ही हल्ली जो माल काढता त्याचे दहा स्क्रू पाठवा, आणि ज्या ड्रॉइंगवरून काढता त्याची प्रत. बाबांनी सही करायची तर कशावर करतात ते त्यांना पाहू द्या. मला तुमच्या मालावर विश्वास नाही आणि तुमच्यावर तर त्याहून नाही.

अंबिका


पूर्णा,
१९ डिसेंबर १९९३

माधवराव,

पार्सल पोचलं. पुढे काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

बाबांनी एक स्क्रू उचलला, नखाने आटे मोजत टोकापर्यंत आले आणि थांबले. दुसरा उचलला. मग तिसरा. म्हणाले, "हे कुणाचं हाय?"

म्हटलं, तुमचाच स्क्रू आहे, बाबा.

"माजा न्हाई. टोकाचे दोन आटे कुठं गेले? पहिले आटेच तर वाट काढतेत, मागचे त्यांच्या मागं जातेत. पुढचे काढले तर मागचे नुसतं घासतेत."

त्यांनी चंद्रभानकडून ड्रिल मागवलं. मागच्या भिंतीत दोन भोकं पाडली. एक तुमच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे बरोबर स्क्रूच्या लांबीचं. दुसरं त्यांच्या पद्धतीचं, जरा जास्त खोल, त्यात त्यांचा जुना स्क्रू. तुमचा पिळला तेव्हा शेवटी असा आवळत गेला की मला वाटलं, छान बसला. मी म्हटलंही, घट्ट लागलाय.

"लागला न्हाई," बाबा म्हणाले. "तळाला टेकलाय. आत जी भुकटी पडती तिला जागाच न्हाई, तिच्यावर जाऊन बसलाय. वरून वाटतंय घट्ट, आत त्यानं काहीच धरलं न्हाई."

दोन्हींवर बादल्या टांगल्या आणि चंद्रभान एकेक वीट टाकत गेला. तुमचा चौथ्या विटेला बाहेर आला, लाल भुकटीसकट. बाबांच्या बादलीत अकरा विटा झाल्या, पुढे बादलीत मावेनात. ती अजून टांगलेली आहे, या आणि बघा.

मग मी ड्रॉइंग वाचलं. टोकाशी बाण काढून लिहिलंय, भुकटीसाठी दोन थ्रेड मोकळे ठेवावेत. बाबा स्क्रूची मापं टिपत त्या लाल वहीत काय आहे ते मी उघडून ताडून पाहिलं. 'तळाशी दोन सूत मोकळे ठेवावे, भुकटीसाठी.' दोन सूत, माधवराव. म्हणजे पाव इंच. म्हणजे भोक स्क्रूपेक्षा पाव इंच जास्त खोल घ्या. इथला कोणताही सुतार, गवंडी, लोहार, सूत म्हटलं की इंचाचा आठवा भाग धरतो. तुम्ही सूत म्हणजे थ्रेड केलंत, थ्रेड म्हणजे आटे केलेत, आणि टोकाचे दोन आटे छाटून टाकलेत!

तुम्हीच लिहिलंय की आधी बाबांचा नमुना समोर ठेवून माल काढायचा, आणि गेल्या साली नवी मशीन आल्यावर ड्रॉइंगवर गेलात. म्हणजे नमुना हाताशी असताना तो बाजूला ठेवलात. तो आणि ड्रॉइंग जुळत नाहीत हे एकालाही दिसलं नाही? एकाने तरी भिंतीत बसवून बघायचं! की वाटलं, म्हाताऱ्याने वहीत मागाहून सुधारणा केली असेल? इंजिनिअरची डिग्री भिंतीवर लावलीत ती कशावर टांगलीत, बाबांच्या स्क्रूवर की तुमच्या? सूत म्हणजे थ्रेड, हे कोणत्या गाढवाने सांगितलं तुम्हाला?

सही होणार नाही. विषय संपला.

अंबिका


पूर्णा,
२ जानेवारी १९९४

माधवराव,

तुमचं कार्ड उघडंच आलं, दत्तरावांनी वाचलं असणार. एवढंच लिहिलंत : 'गाढवाने नव्हे, तू सांगितलंस. बटण आठव.'

आठवायची गरज नाही. मागच्या पत्रातलं ते वाक्य लिहितानाच मला आठवत होतं. तरी लिहिलं. वाटलं, तुम्ही विसरला असाल.

चौऱ्याऐंशीचा श्रावण. परभणीची आपली ती पत्र्याची खोली. बाबांचं अक्षर तुम्हाला लागत नव्हतं म्हणून वही मी वाचत होते आणि तुम्ही इंग्रजीत उतरवून घेत होता. मी तुमच्या शर्टाचं बटण लावत होते. तुम्ही विचारलंत, सूत म्हणजे काय गं? मी दाताने दोरा तोडला, तुमच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "हे सूत! इंजिनिअर झालात आणि सूत माहीत नाही?" फिटरची पोर मी, मला वाटलं तुम्ही गंमत करताय, म्हणून मीही केली. तुम्ही हसलात आणि लिहिलंत. काय लिहिलंत ते मी पाहिलं नाही. मी दुसरं बटण घेतलं होतं.

त्या दिवशी मी सुखात होते, हे लिहिताना मला आज तुमचा जास्तच राग येतोय. स्वतःचाही येतोय. त्या बाईचा हात माझ्या एका थट्टेने मोडला असं मी म्हणणार नाही, मधे तुम्ही आहात, तुमची मशीन आहे, न बघता विकलेली ती निळी खोकी आहेत. पण मी नाहीच त्यात, असंही आता म्हणवत नाही.

आणि इथे काय चाललंय ते ऐका. बाबांना मी शेवटी रॅक पडल्याचं सांगितलं. थट्टेचं नाही सांगितलं. त्यांना वाटतंय चूक त्यांच्या अक्षराची. दोन दिवस वही मांडीवर घेऊन बसलेत. "माजंच अक्षर घाण. 'भोक' लिवायला पायजे होतं, नुसतं 'तळाशी' लिवलं. त्यो तरी काय करील, लेकरू," असं म्हणतात. लेकरू म्हणजे तुम्ही. आज सकाळी त्यांनी माझ्या ट्रंकेची किल्ली मागितली. आधी ते नाव लागणार म्हणून सही करत होते, आता गुन्हा आपला म्हणून करणार आहेत.

मी दिवसभर किल्ली हरवल्याचं सोंग केलं. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवते आणि घरी म्हाताऱ्या बापाला किल्ली शोधायला लावते. ते पलंगाखाली वाकून शोधत होते हो.

उद्या सांगते त्यांना.

अंबिका


पूर्णा,
१९ जानेवारी १९९४

माधवराव,

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. चार दिवस एसट्या बंद, पोस्टही बंद, म्हणून उशीर. तुमच्या कानावर आलंच असेल, पुण्यातले पेपरही छापतात. आमच्या शाळेची शिपाईण चतुराबाई, तिचं घर अठ्ठ्याहत्तर साली जळालं होतं. ती मंगळवारी नवी साडी नेसून आली. घंटा रोजच्यापेक्षा जोरात दिली.

बाबांना मी तीन तारखेलाच सांगितलं. बटण, दोरा, सगळं. वाटलं होतं चिडतील, निदान एक शिवी तरी देतील. त्यांनी काय विचारलं असेल? "त्या बाईचा हात बसला का?"

माहीत नाही म्हटलं.

"एवढ्या दिवसांत कुणीच विचारलं न्हाई? तू बी न्हाई, त्यो बी न्हाई?"

मी मान खाली घातली. तुम्हीही घाला. आपण दोघं दोन महिने कोणाचं नाव कुठे लागावं यावर भांडत होतो आणि त्या बाईचं नाव मी फक्त तुम्हाला टोचायला वापरलं.

मग म्हणाले, "सही करतो मी. पर त्याच्या कागदावर न्हाई. नाव माजं पायजे तर माजं सूत बी घ्यावं लागल."

तेव्हा कागद आम्ही नवा केला आहे. मराठीत. बाबांनी सांगितला, मी लिहिला, चंद्रभान साक्षीदार. तुमच्या स्टँपपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच लिहिला आहे, तो परत पाठवते. त्यात असं आहे :

'हा स्क्रू किशनराव फिटर यांनी पूर्णा येथे केला. तो नीट आहे. त्याचे भोक स्क्रूपेक्षा दोन सूत जास्त खोल घ्यावे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. किशनरावांची मुलगी अंबिका हिने वही वाचून दाखवताना सूत म्हणजे दोरा असे थट्टेने सांगितले व पुढे खुलासा केला नाही, ही तिची चूक. माधव कौसडीकर यांनी कोणा कारागिराला न विचारता ते लिहिले, नमुना असताना पाहिला नाही, माल भिंतीत बसवून तपासला नाही आणि विकला, ही त्यांची चूक. टोकाचे आटे नसलेले स्क्रू जिथे जिथे लागले आहेत तिथून ते काढावेत.'

सगळ्यात वर बाबांनी स्वतःच्या हाताने तारीख घातली आहे. अक्षर वाईट आहे, पण लागतं. सही करताना पांढरा सदरा घातला होता. मी घाला म्हटलं नव्हतं. सही झाल्यावर त्यांनी तो घडी करून परत ठेवला आणि मळका घातला, कारण चंद्रभानचं ड्रिल परत करायच्या आधी त्यांना कोनाड्यातला दिवा नीट बसवायचा होता.

त्यांच्या सहीखाली माझी आहे. अंबिका किशनराव असं लिहिलंय. तुमचं नाव मधे घातलं नाही. मुद्दामच.

याची एक नक्कल बायनाबाईंना आजच पाठवली. कारखान्याचा पत्ता तुमच्याच पहिल्या उत्तरात होता. त्यांच्या हाताची चौकशी करणारं पत्र वेगळं लिहिलं आहे, त्यात तुमच्याबद्दल काही नाही. मूळ कागद तुमच्या वकिलाला द्या किंवा चुलीत घाला, नक्कल गेलीच आहे.

बाबा म्हणतात, त्याच्या सहीला जागा ठेव, शेवटी घरचाच हाय. मला ठेवायची नव्हती. पण म्हाताऱ्याचं मन मोडवत नाही. माझ्या सहीखाली, कागदाच्या तळाशी, दोन सूत मोकळे ठेवले आहेत. पट्टीने मोजून. तेवढ्यात तुमचं नाव बसतं.

अंबिका